दूरयान : भाग चौथा

४ जून

प्रिय आत्या,

बसली आहेस ना? नसलीस तर बस, आणि हातातली कात्री खाली ठेव. हे पत्र तू नक्की बागेतच उघडणार.

'दूरयान' चित्रपटाचा चौथा भाग मी दिग्दर्शित करतेय. मी! शाळेच्या नाटकात जिला झाडाचं काम दिलं होतं आणि ते झाड मधेच भोकाड पसरून रडायला लागलं म्हणून पडदा पाडावा लागला, ती तुझी भाची.

काल निर्मात्यांनी बोलावलं. चहा पाजला आणि सरळ मुद्द्यावर आले. म्हणाले, "तिसऱ्या भागात आपण अख्खं आकाश जाळलं, आणि प्रेक्षक घरी बसले. आता माझ्याकडे आकाश नाही, एक मोठी खोली आहे. खोलीत 'दूरयान' बसवता येईल?" मी म्हटलं, "येईल."

मागच्या भागात एका लढाईवर जेवढं उडवलं, तेवढ्यात यंदा सगळा चित्रपट करायचाय. मग मी हिशेब मांडला, स्फोट महाग, बोलणं फुकट. लढाई काढून टाकली. एक जुनी अंतराळनौका, तिच्यात सहा माणसं, संपत चाललेली हवा, आणि त्या सगळ्यांना धरून ठेवणारी त्यांची कप्तान. कप्तान अर्थात तूच. पहिल्या तीन भागांतही तूच होतीस, आता दुसरी कोण असणार? तुझ्यासाठी दोन पानांचं भाषण लिहून झालंय. पहिल्या भागात तू नुसतं "दार उघडा" म्हणालीस, तर माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनी वळून थेटराचं दार बघितलं होतं. त्या आवाजावर मी सगळा चित्रपट उभा करणार आहे.

फोन तू उचलत नाहीस. बाबा म्हणाले, "तिला पत्र लिही, तिला पत्रं आवडतात." म्हणून लिहितेय. लवकर 'हो' कळव.

तुझी चिमणी


१३ जून

चिमणे,

पत्र वाचता वाचता खरंच बसले, आणि बसले ती नेमकी ओल्या कट्ट्यावर. तरी राग आला नाही, यावरून आनंद किती झाला ते ओळख.

तुझं झाड मला चांगलं आठवतं. फांद्या मीच शिवल्या होत्या. झाड रडलं कारण फांदीतली टाचणी टोचत होती. चूक शिंपिणीची, झाडाची नव्हे.

खोलीत नौका बसेल का, म्हणून घाबरू नकोस. पहिला भाग खोलीतच तर बसला होता! लोकांना तिसऱ्याचा झगमगाट आठवतो, पहिल्याची कुणाला आठवण नाही. आमची गोल खिडकी म्हणजे कपडे धुण्याच्या मशीनचं दार. तारे म्हणजे काळ्या पुठ्ठ्याला दाभणाने पाडलेली भोकं, आणि मागे दिवा. एकदा त्या दिव्यावर पाकोळी येऊन बसली आणि एक अख्खी आकाशगंगा फडफडायला लागली. दिग्दर्शक म्हणाले, "असू दे, धूमकेतू म्हणू." नौकेला हादरा बसायचा म्हणजे कॅमेरामन डाव्या अंगाला झुकायचा आणि आम्ही सगळे उजव्या. आमचा वैद्य दर वेळी उलटा झुकायचा. शेवटी त्याला खुर्चीला बांधला आणि जखमी दाखवला. समीक्षकांनी त्याच्या वेदनेचं फार कौतुक केलं.

अंथरूण लहान असलं की माणसं जवळजवळ झोपतात, एवढंच. कमी आहे म्हणून रडायचं नाही. जे आहे त्याच्याजवळ जायचं.

मी मात्र येणार नाही. गुडघे कुरकुरतात, बागेत कीड पडलीये, आणि आता त्या दिव्यांच्या उजेडात उभं राहायचं माझं वय नाही. दुसरी कोणी चांगली बाई बघ. माझे आशीर्वाद आहेतच.

आत्या


२२ जून

प्रिय आत्या,

पाकोळीचा किस्सा मी सगळ्या मंडळींना वाचून दाखवला. आमचा कलादिग्दर्शक हसता हसता म्हणाला, "म्हणजे हे जमतं." दुसऱ्याच दिवशी त्याने बंद पडलेल्या दवाखान्याच्या खाटा, पाइप आणि सरकती दारं गोळा करून एक बोळ बांधला. आमच्याकडे बोळ एकच. डाव्या भिंतीवर निळा रंग, उजव्या भिंतीवर करडा. इकडून चाललं की वरचा मजला, तिकडून चाललं की खालचा. दिवे अर्धे मालवले की इंजिनाची खोली. एकाच बोळात मी पाच मजले फिरून आले!

आता गुडघ्यांचं. कप्तान सगळा वेळ खुर्चीत बसूनच बोलते, तसंच लिहिलंय. किडीसाठी बाबांना पाठवते, त्यांना तसंही काही काम नाही. वयाचं म्हणशील तर कप्तान म्हातारीच आहे, नौकेपेक्षाही.

खरी अडचण सांगू? निर्माते म्हणाले, "कप्तान असेल तर 'दूरयान', नाहीतर कुणाचंही काहीतरी यान." चित्रपट लावणाऱ्यांनीही तेच सांगितलंय. तू नसलीस तर हा बोळ पुन्हा भंगारात जाईल.

भाषण सोबत पाठवतेय. 'हो' म्हणू नकोस हवं तर. फोन कर आणि एकदा मोठ्याने वाचून दाखव. मला फक्त ऐकायचंय.

चिमणी


३ जुलै

चिमणे,

भाषण चांगलं आहे. शेवटून तिसरं वाक्य काढ, तिथे तू स्वतःच्या प्रेमात पडली आहेस. बाकी ठीक. ते चांगल्या गळ्याच्या बाईला दे.

खिडकीमागचा पुठ्ठा थोडा मागे सरकवा, म्हणजे भोकांच्या कडा दिसणार नाहीत. सरकत्या दारांना मेण लावा, कुरकुरली की दवाखाना आठवतो.

मला पुन्हा विचारू नकोस.

आत्या


९ जुलै

आत्या,

कळलं. तिसऱ्या भागात तुझ्यासाठी वेगळी गाडी, वेगळी खोली आणि खुर्चीमागे उभं राहायला माणूस होता. इथे पुठ्ठा, मेण आणि भंगारातल्या खाटा. तुला कमीपणा वाटतो, तर तसं लिहायचं होतंस. गुडघे आणि कीड कशाला मधे आणलीस?

लहानपणापासून मी तुझ्याकडे बघून हे काम करायचं ठरवलं. आज पहिल्यांदाच काही मागितलं, तर 'विचारू नकोस'.

वाक्य काढून टाकलं आहे. बरोबर होतीस.


२८ जुलै

आत्या गं,

बसमधून उतरल्यापासून लिहायला बसायचं म्हणतेय आणि हात धजत नाहीये.

खरं सांगायचं तर मी रविवारी भांडायलाच आले होते. अख्खा रस्ताभर भांडण पाठ करत होते. फाटक उघडलं, तुझी पाठ दिसली आणि मी तिथूनच सुरू झाले. "एवढा कसला गं तुझा तोरा?" वगैरे. तू वळलीस. तोंड उघडलंस आणि मिटलंस. हात गळ्याकडे गेला, पण रुमाल आधीच सरकला होता आणि गळ्यातलं भोक मला दिसलं.

दोन वर्षांपूर्वी बाबा म्हणाले होते, "आत्याच्या गळ्यातली छोटी गाठ काढली, आता बरी आहे." मी परगावी होते. तुझं पत्र आलं, मी तुला खुशाल समजले. एकदा येऊन बघावंसं मला का वाटलं नाही?

तू सरळ आत गेलीस आणि चहाचं आधण ठेवलंस. मी खुर्चीत बसून रडत होते. तू पाटीवर लिहिलंस, "आधी चहा पी, मग रड. चहा गार होतो."

आणि मग तो नळवाला आला. दारातूनच त्याचं सुरू झालं. "बाई, आज सामान नाही, उद्या बघतो, परवा नक्की." तू एक अक्षर बोलली नाहीस. त्याला हाताने मोरीपाशी नेलंस, त्याचाच तळवा गळक्या नळाखाली धरलास, आणि त्याच्याकडे बघत उभी राहिलीस. चार थेंब पडले असतील नसतील. तो म्हणाला, "आत्ताच करतो." मी रडता रडता हसले. तूही हसलीस, खांदे हलवत, बिनआवाजाचं.

तिथेच मला चित्रपट दिसला, आत्या. मी दोन पानं खर्चून जे लिहिलं होतं, ते तू एका नळावर करून दाखवलंस. कप्तान बोलत नसली तर?

आता लगेच नाही म्हणू नकोस. आणि नववीतल्या मुलीसारखं ते पत्र लिहिलं त्याबद्दल माफ कर. बाबांशी मी दोन दिवस अबोला धरला. मग लक्षात आलं, आमच्या घरात बडबड करणारी मी एकटीच. शिक्षा मलाच होत होती.

तुझी
चिमणी


६ ऑगस्ट

चिमणे,

माफीबिफी राहू दे. आलीस ते बरं केलंस. दादाला मी शपथ घातली होती, त्याच्यावर डूख धरू नकोस. त्याला गुपित ठेवायचं म्हणजे निखारा मुठीत धरायला लावण्यासारखं आहे. दोन वर्षं धरला बिचाऱ्याने.

तुला सांगितलं नाही, कारण तुला माझा आवाज ठाऊक होता. दूधवाल्याला, टपालवाल्याला तो ठाऊक नाही. त्यांच्या लेखी मी एक मुकी म्हातारी आहे आणि त्यात काही वाईट नाही. पण ज्यांनी तो आवाज ऐकलाय, त्यांच्यासमोर तोंड उघडायचं आणि आतून नुसता वारा यायचा, हे मला झेपत नव्हतं. डॉक्टरांनी गळ्याला लावायचं एक यंत्र दिलंय. ते लावलं की मी बिघडलेल्या रेडिओसारखी बोलते. मांजर घाबरून पलंगाखाली गेलं, तेव्हापासून यंत्र कपाटात आहे.

तुझ्या पत्राने राग आला, आणि जरा बरंही वाटलं. दोन वर्षांत माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं. आजाऱ्याशी सगळे गोड बोलतात, अगदी नको होऊन जातं.

आता चित्रपटाचं. माझं उत्तर 'नाही' असंच आहे. माझ्या गळ्याचा तमाशा मला नको. लोक तिकीट काढून येतील, "अरेरे, केवढा आवाज होता बाईंचा" म्हणतील आणि डोळे पुसत घरी जातील. ते मला सोसणार नाही.

पण तुझ्या निर्मात्यांना खरं काय ते सांगून टाक. माझ्यापायी माणसं टांगून ठेवू नकोस. बोळ बांधून तयार आहे, मंडळी हातावर हात ठेवून बसली असतील.

आत्या


१५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तमाशाची भीती मलाही वाटते. म्हणून मी काय करणार नाही ते सांगते. कप्तान का बोलत नाही, ते चित्रपटात कुणी सांगणार नाही. नौकेवरच्या माणसांना त्यात नवल वाटत नाही. ती तिच्याबरोबर वर्षानुवर्षं आहेत, त्यांना तिची बोटं, भुवया, उभं राहणं सगळं वाचता येतं. प्रत्येक घरात एक माणूस असतंच ना, जे न बोलता सगळं सांगतं? आपल्याकडे आजोबा होते. त्यांनी नुसता चष्मा काढून ठेवला की आपण पांगायचो. त्यांची कधी कुणी कीव केली?

तू म्हणालीस म्हणून निर्मात्यांना सांगितलं. ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "बाईंना माझा नमस्कार सांगा." थोड्या वेळाने म्हणाले, "एक विचारू? आता यंत्रं आली आहेत. जुन्या तीन भागांतला आवाज घालून बाईंचाच आवाज नव्याने काढता येतो. खर्चही फार नाही. बाईंनी नुसते ओठ हलवायचे." वाईट माणूस नाही गं. त्यांना खरंच वाटत होतं की ते तुला काहीतरी परत देतायत.

मला ते पटलं की नाही, ते मी सांगणार नाही. आवाज तुझा आहे, उत्तरही तुझंच हवं. त्यांनी माझ्या भाषणाचा नमुना करून दिलाय, तो या पाकिटात, संगणकाला लावायच्या छोट्या डबीत आहे. तो ऐक, नाहीतर गुलाबाखाली पुरून टाक. यंत्राला 'हो' म्हणालीस तरी मी तुझीच, आणि सगळ्यालाच 'नाही' म्हणालीस तरी तुझीच. चित्रपट नाही झाला तर नाही. आजवर तू जे दिलंस ते मी अजून फेडत बसलेय, त्यात आणखी मागायची हाव धरली, एवढंच.

चिमणी


२५ ऑगस्ट

चिमणे,

डबी आठवडाभर समोर नुसती पडून होती. काल दादा आला, त्याच्या संगणकाला ती लावून घेतली. तो आत भांडी विसळायला गेला आणि मी कळ दाबली.

आवाज माझाच. अगदी माझा, तिशीतला. वरच्या पट्टीत थोडी खरखर होती बघ, तीसुद्धा जशीच्या तशी.

दादा ओल्या हातांनी धावत बाहेर आला. दारात उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, मग संगणकाकडे. "मला वाटलं..." एवढंच म्हणाला आणि परत आत गेला. आत नळ कितीतरी वेळ नुसताच वाहत होता.

मी तो नमुना पुन्हा ऐकला. त्या आवाजाने तुझं दोन पानी भाषण एका दमात म्हटलं. कुठे ठसका नाही, अडखळणं नाही, मधे आवंढा नाही. ज्याला श्वास लागतच नाही, तो हवा संपत आलेल्या नौकेत काय करणार? मला तर एका जिन्याला तीनदा थांबावं लागतं. हवा म्हणजे काय ते मला विचार. गळ्याच्या भोकातून ती आत येताना मला रोज ऐकू येते.

तेव्हा म्हटलं, हे काम दुसरी कुणी कसं करेल?

मी येते. यंत्राचा आवाज नको. माझ्याकडे बघून चित्रपटात कुणी डोळे पुसायचे नाहीत. आणि गळ्यावरचा रुमाल कपडेपटाने ठरवायचा नाही, माझा मी आणीन.

डबी दादाने मागून घेतली. देऊन टाकली. भावाला बहिणीचा आवाज जवळ हवा असेल तर माझं काय जातं? तुझ्या निर्मात्यांना सांग, त्यांची भेट वाया गेली नाही. फक्त तिचा धनी वेगळा निघाला.

बागेला पाणी घालायला माणूस मिळाला की निघते. गाडी पाठवू नका, बसने येईन.

आत्या


३० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नीट पोचल्याचं बाबांनी कळवलं. गुलाब जगले, हेही कळवलं. इथे आज बोळ उतरवला. खाटा परत भंगारवाल्याकडे गेल्या. कलादिग्दर्शक एका दाराला हात लावून उभा होता. मी काही बोलले नाही. बघ, शिकले की नाही तुझ्याकडून?

शेवटच्या मोठ्या दृश्याबद्दल तुला सांगायचं राहूनच गेलं. तू कॅमेऱ्यासमोर होतीस, मागे काय झालं ते तुला दिसलं नाही.

कागदावर काय होतं ते आठवतं ना? सुटकेच्या होडीत जागा थोड्यांनाच, बाकीच्यांनी नौकेत थांबून वाट बघायची. सगळे घाबरलेले. तरुण इंजिनिअर ओरडतो, "कप्तान तर जाणारच! कप्तान नेहमी जातात!" त्यावर तू त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, असं मी लिहिलं होतं. मला स्वतःलाच ते मिळमिळीत वाटत होतं, पण दुसरं सुचत नव्हतं.

तू हात ठेवलाच नाहीस. त्याच्याकडे बघितलंस. मग सावकाश खाली जमिनीवर बसलीस. गुडघा दुखला ते दिसलं, आणि तू दिसू दिलंस. बुटाचा पट्टा सोडलास. एक बूट काढलास, मग दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी, घरी उंबऱ्याशी ठेवतात तसे जोडून ठेवलेस आणि भिंतीला पाठ टेकलीस.

कुठे जायचंच नाही तर बूट कशाला हवेत?

आत्या, 'कट' म्हणायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. इंजिनिअर झालेला पोरगा कागदावर नसताना तुझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याने आपले बूट काढले. मग दुसरी, मग तिसरा. मागे कॅमेरामन कॅमेऱ्यावरून डोळा काढून माझ्याकडे बघतोय, थांबू का? मी नुसती मान हलवतेय, नको. निर्माते त्या दिवशी चुकून आले होते, खाऊचा पुडा हातात धरून दाराशी उभे. मी वळून बघितलं तर ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

नंतर मला म्हणाले, "माझ्याकडे आणखी असतं तर मी इथे स्फोट मागितला असता. बरं झालं नव्हतं."

मला आजवर वाटायचं, कमी मिळालं म्हणून आपण तडजोड करतोय. आता संकलनाला बसले की वाटतं, कुणीतरी आमच्या भल्यासाठीच सगळं काढून घेतलं आणि फक्त तुला ठेवलं. तिसऱ्या भागातल्या ढीगभर आगीत तुझे बूट कुणाला दिसले असते?

त्या बुटांबद्दल, आणि अट घालून का होईना आलीस त्याबद्दल... वाक्य पूर्ण करता येत नाही. तू म्हणतेस तसं, इथे मी रडते, चहा गार झालाच आहे.

तुझी
चिमणी


१७ मार्च

चिमणे,

आपल्या घरात एकमेकांचे उपकार मानायची पद्धत नाही. मानले की समोरचा विचारतो, "बरं वाटत नाही का?" म्हणून एकदाच लिहिते, आणि तू उत्तरात त्याचा उल्लेख करायचा नाहीस.

मला वाटलं होतं, आवाज गेला म्हणजे माझं काम संपलं. उरलेलं आयुष्य म्हणजे प्रयोग झाल्यावर रिकाम्या रंगमंचावर उगाच रेंगाळणं. तू भांडायला आलीस. तुझ्याकडे लढाया, स्फोट, माणसांचे तांडे असते, तर तू माझ्याकडे दोन पानांचा आवाज मागितला असतास आणि तो नाही म्हटल्यावर दुसरी बाई घेतली असतीस. तुझ्याकडे काहीच नव्हतं म्हणून तू माझ्याकडे नीट बघितलंस. तुझ्या रिकाम्या खिशाचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्या निर्मात्यांचेही. त्यांना सांग, पुढच्या वेळीही हात आखडताच ठेवा. झालं. हा विषय संपला.

आता काल काय झालं ते ऐक. तुझ्या त्या पहिल्या खेळाला, हारतुऱ्यांना मी मुद्दामच आले नाही. काल दुपारी दादाला घेऊन इथल्याच थेटरात गेले. साधा खेळ, साधं तिकीट. थेटर अर्धं भरलेलं. मी रुमाल वर ओढून बसले, कुणी ओळखलं नाही.

आमच्या पुढच्या रांगेत दोघी बायका होत्या, बहुधा जावा-जावा असाव्यात. तोंडाचा पट्टा थांबेचना. सुरुवातीला नावांच्या पाट्या पडत होत्या तेव्हा कुणाच्या तरी लग्नात कोण काय नेसलं होतं ते चाललं होतं. नौका दिसली तेव्हा दुधाचा भाव. दादा दोनदा खाकरला, त्यांना फरक पडला नाही. मला मात्र गंमत वाटत होती. म्हटलं, बोला बायांनो, जोवर गळा आहे तोवर बोलून घ्या.

मग हळूहळू त्यांचं बोलणं तुटक व्हायला लागलं. दोन वाक्यांत अंतर पडलं. मधेच थोरली काहीतरी सांगायला लागली तर धाकटीने तिच्या हातावर हात ठेवला. मी पडद्याकडे बघणं सोडून त्यांच्याच पाठी बघत होते. मी जमिनीवर बसले, बूट काढले. सगळ्या थेटरात कुणी कुजबुजत नव्हतं. फक्त माझ्या गळ्यातून हवा आत-बाहेर होत होती, ती मला ऐकू येत होती. दादालाही आली असावी, त्याने माझा हात धरला.

दिवे लागले. त्या दोघी उठल्या, पिशव्या घेतल्या. धाकटी पदराने नाक पुसत थोरलीला म्हणाली,

"काय बोलते गं ही बाई!"

तुझी
आत्या